पाठीवर छापलेला हंगाम

दि. १० जानेवारी २०२५, शुक्रवार. एका काळ्या टी-शर्टचे रु. ३४९ फक्त, रोख दिले. पावती मागितली, पण दुकान म्हणजे बाजारात टाकलेली एक खाट होती, त्यामुळे मिळाली नाही. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात बनियन सोडला तर बिनकॉलरचा कपडा मी अंगाला लावलेला नाही. तरी हा घेतला, कारण त्याच्या पाठीवर माझं लग्न छापलेलं होतं.

टी-शर्ट श्रीरामपूरच्या नवतरुण ब्रास बँडचा. बँडमास्तर सूर्यभान त्रिभुवन, वय एकोणसत्तर, वाद्य क्लॅरिनेट. बँडात आता सातच माणसं उरली आहेत आणि त्यांचं सरासरी वय मी काढलं तेव्हा त्रेसष्ट आलं. नावाचा फेरविचार करा, असं मी मास्तरांना एकदा सुचवलं होतं. "आमी बदललो, त्यात नावाचा काय गुन्हा?" ते म्हणाले.

माझी त्यांची ओळख नोकरीइतकीच जुनी. एकोणनव्वद साली मी पतसंस्थेत कारकून म्हणून लागलो, तेव्हा शेजारच्या पत्र्याच्या खोलीत नवतरुणची वाद्यं असत. बँडाकडे फोन नव्हता, आमच्याकडे होता. म्हणून बँडाच्या मोठ्या ढोलावर 'फोन २४१७, पी.पी.' असं रंगवलेलं असे. पी.पी. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप पोचवला जाईल. निरोप पोचवणारा मी.

सुपारीचे आगाऊ पैसे म्हणजे इसार, आणि सूर्यभान मास्तरांचा पहिला नियम: आधी इसार, मग सूर. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला, त्याच दिवशी गावकीचं हुकमी वाजवणं बंद केलं. मुलाला मात्र क्लॅरिनेट घेऊन दिलं आणि सांगितलं, "इसार घेऊन वाजवलं तर धंदा. न घेता वाजवलं तर हुकूम." एकदा निवडून आलेल्या एका पुढाऱ्यानं मिरवणुकीला बोलावलं आणि पैशांचं नंतर बघू म्हणाला. मास्तर क्लॅरिनेट मांडीवर ठेवून पायरीवर बसून राहिले. गुलाल वाळायला लागला. शेवटी पुढाऱ्यानं स्वतःचे खिसे चाचपले, एक रुपया सापडला. मास्तरांनी तो घेतला, उठले आणि तीन तास वाजवलं.

उरलेल्या रकमेबाबत मात्र ते अगदी ढिले. मागायला कधी कुणाच्या दारात गेले नाहीत. फक्त जो बाकी ठेवी, त्याच्याकडे दुसऱ्यांदा वाजवायला जात नसत. हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं.

डीजे आल्यावर सुपाऱ्या आटल्या. मास्तरांचा मुलगा प्रवीण सुप्याला एमआयडीसीत नोकरीला आहे. माणूस चांगला, पण पडून राहिलेली वस्तू त्याला सहन होत नाही. दिवाळीत त्यानं वडिलांसमोर वाद्यं काट्यावर घालून पाहिली.

"चौतीस किलो पितळ आहे, दादा. मोडीत चांगला भाव चाललाय."

"त्यातला कॉर्नेट तुझ्या बारशाला वाजलाय."

"म्हणूनच मी असा झालो. अठ्ठावीस फेब्रुवारी, संध्याकाळी सहापर्यंत तीन सुपाऱ्या आणा, इसारासह. नाहीतर मी टेम्पो घेऊन येतो."

मास्तरांनी शब्द दिला. बाप इसाराचा पक्का, तसा मुलगा तारखेचा पक्का.

प्रवीणची मुलगी प्रज्ञा शिकायला आजोबांकडे असते. तिला परदेशी बँडांचे टी-शर्ट घालायचा नाद. ते पुण्यातून वापरलेलेच आणते; जितका विटलेला, तितका तिला प्रिय. एका रविवारी मी तिथं चहाला बसलो असताना मास्तरांनी तिला समोर उभं केलं.

"ह्यो कुठला बँड?"

"इंग्लंडचा, आबा."

"चारच मानसं? ढोल एकाकडं, तिघांच्या हातात नुसत्या सतारी. चौघांत वरात कशी निघंल?"

"ते वरातीत वाजवत नाहीत."

"मग खात्यात काय?"

प्रज्ञा वळली. पाठीवर गावांची आणि तारखांची यादी होती. मास्तरांनी चष्मा लावला आणि यादी वरपासून खालपर्यंत बोटानं वाचली.

"एका म्हैन्यात बावीस सुपाऱ्या! आन् ह्या गावात लागोपाठ दोन दिस. दोघा भावांची लग्नं आसनार." मग त्यांना राहवेना. आतून एक लाल वही आणून त्यांनी तिच्या मांडीवर टाकली. "आमचा ब्यान्नवचा हंगाम बघ. एकतीस. ह्यांना म्हनावं, या श्रीरामपूरला."

ती वही घेऊन प्रज्ञा रात्रभर बसली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे उत्पादनखर्च काढून मागायला आली. शंभर टी-शर्टचा.

कापड निवडताना तिनं सगळ्यांना पिडलं. पक्का काळा चालणार नाही, तो नवखा दिसतो. धुऊन धुऊन दमलेला काळा पाहिजे. छपाई पांढरी नको, पितळेला राख लावून घासल्यावर जो रंग येतो तो पाहिजे. खांदा उतरता, बाही कोपरापर्यंत. समोर ढोलाचं तोंड जसंच्या तसं: पेंटरची वळणदार अक्षरं आणि दोन बाजूंना दोन सिंह. पेंटरनं सिंह कधी पाहिलेला नसल्यामुळे ते मांजरांसारखे आहेत. नगरचा छपाईवाला सिंह सुधारून द्यायला तयार होता, ढोलाच्या कातड्याचं ठिगळही पुसून देतो म्हणाला. प्रज्ञानं दोन्हीला नकार दिला.

"जुनं दिसायचं तर त्यात खरं काहीतरी पाहिजे, काका. नाहीतर ते नाटक होतं."

"पण फोन नंबर तरी बदल," मी म्हणालो. "आता आमच्या नंबराच्या सुरुवातीला दोन आकडे जास्त आहेत."

"कोण फोन लावतंय? ते फक्त दिसायला आहे."

पाठीवर ब्याण्णवचा हंगाम, एकतीस ओळी, तारीख आणि गाव. वहीतल्या नऊ ओळींपुढे मास्तरांनी लाल पेन्सिलीनं चांदण्या काढल्या होत्या. प्रज्ञाला वाटलं, जे कार्यक्रम झकास झाले त्यांच्या त्या. तिनं तशाच छापल्या.

मग फोटो. सात म्हाताऱ्यांना टी-शर्ट आणि वरून बँडाचे जुने लाल कोट घालून तिनं पत्र्याच्या खोलीपुढे उभं केलं. बाहीला दोन घड्या, पुढून फक्त पट्ट्यापुरता खोसायचा, मागून मोकळा, कोटाची बटणं उघडी. ढोलवाले सहादेव पोटावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, माझ्यात काय खोसनार? आत जागा कुठं हाय?" त्यांना सूट मिळाली. मास्तर मात्र बटणांवर अडले.

"कोट उघडा टाकला तर लोक म्हनतील, मास्तर न्हानीतनं पळत आला."

"आबा, मग छाती कशी दिसणार? छापलंय ते कुणासाठी?"

अर्धा तास वाद झाला. शेवटी बटणं सगळी उघडी, पण गळ्याचा हूक लावलेला, असं ठरलं. त्यामुळे कोट मागे झुलीसारखा फुलला आणि मास्तर एखाद्या संस्थानिकासारखे दिसायला लागले. तो फोटो मोबाईलवर कुठून कुठे गेला देव जाणे, पण खाटेवर कॉलेजची पोरं जमायला लागली.

पोरांनी विकत घेतले आणि त्यांच्या बापांनी वाचले. बाजारात पन्नाशी-साठीची माणसं अनोळखी पोरांना खांद्याला धरून थांबवत. "ए, थांब. वळ. हलू नको, चष्मा काढू दे." पोरं ग्रामपंचायतीच्या फळ्यासारखी मुकाट उभी राहत. मीही एकाला असाच थांबवला. सतरावी ओळ: १७ मे, देवळाली प्रवरा. आमचं लग्न! आणि पुढे चांदणी. खाटेवर जाऊन मी रु. ३४९ मोजले.

घरी बायकोला, माधुरीला, पाठ दाखवली. "एकतिसांत नऊ उत्तम, त्यात आपलं."

"मला तर आठवतंय, वरात सुरू व्हायला दीड तास उशीर झाला होता," ती म्हणाली. "मामंजी किती चिडले होते."

तीन फेब्रुवारीला ऑफिसातला फोन वाजला.

"पतसंस्था, बोला."

"सूर्यभान मास्तरला द्या. मी शेवगावहून कानिफनाथ बोलतोय, कापसाचा व्यापारी." या माणसानं जुन्या नंबराला सुरुवातीचे दोन आकडे स्वतःच जोडले होते, आमच्या वयाच्या लोकांना ते कुणी सांगावं लागत नाही. "माझ्या भाच्याच्या पाठीवर माझं लगीन हाय. त्याच्यापुढं चांदणी हाय. हितं तुमच्याच बँडातला एक जुना कॉर्नेटवाला सांगत सुटलाय की चांदणी म्हंजी पैसं बाकी. खरं हाय का?"

कैक वर्षांनी मी निरोप घेऊन पत्र्याच्या खोलीकडे निघालो, आणि वय विसरून जवळजवळ पळालो. मास्तर क्लॅरिनेट पुसत होते.

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "दोनशे एक."

प्रज्ञानं चहा खाली ठेवला. "आबा! नऊ लोकांची अब्रू मी बाजारात विकतेय?"

"नावं कुठं हायेत? गाव आन् तारीख. ज्याचं त्यो वळखतो."

"तुम्हाला छापायच्या आधी दाखवलं होतं मी!"

"दावलं हुतंस. तू म्हनलीस, झकास दिसतंय. मी म्हनलो, दिसतंय." आणि त्यांनी क्लॅरिनेटमध्ये एक फुंकर मारून पाहिली.

शुक्रवारच्या बाजारात कानिफनाथ जीप घेऊन हजर. सगळ्यांसमोर त्यांनी दोनशे एक रुपये खाटेवर आपटले. "ही घ्या बाकी. आन् आता ती चांदणी पुसा."

"बाकी मिळाली. छापल्यालं कसं पुसू?"

"मास्तर, वीस एप्रिलला माझ्या लेकीचं लगीन हाय. नवरदेव श्रीरामपूरचा. त्याचे दोस्त हेच टी-शर्ट घालून मांडवात नाचनार! व्याह्यांच्या म्होरं माझी चांदणी नाचवू?"

मास्तरांनी विचार केल्यासारखं केलं. "एक विलाज हाय. बाकी ठेवनाऱ्याकडं सूर्यभान दुसऱ्यांदा जात न्हाई, हे लोकांना ठावं हाय. मग तुमच्या मांडवात आमीच वाजवत आसलो, तर कोन म्हनंल बाकी हाय?"

कानिफनाथांनी एकदा मांजरांसारख्या सिंहांकडे पाहिलं. मग एक हजार एक रुपये इसार दिला. सुपारी क्रमांक एक.

दुसरी वांबोरीहून आली, तीही चांदणीवाल्याचीच. आणि मग काही नाही. फोन येत होते, पण बहुतेक लोक बाकी पाठवून देऊन गप्प बसत. मी ऑफिसात वेगळं रजिस्टर घातलं होतं. त्यात तिसऱ्या सुपारीचा रकाना अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत कोरा होता.

त्या दिवशी प्रवीण पाचलाच टेम्पो घेऊन आला. मागे दोर आणि पोती. मी साडेपाचला ऑफिस बंद करून, पाकीट ड्रॉवरमध्येच विसरून, तिकडे गेलो. पावणेसहाला पुणतांब्याहून प्रज्ञाच्या मोबाईलवर फोन आला: सुपारी पक्की, इसार मोबाईलवर लगेच पाठवतो.

"मोबाईलवर न्हाई," मास्तर म्हणाले. "इसार हातात पडतो. हातात पडला न्हाई तर त्यो इसार न्हाई."

"आबा, आजच्या दिवस!" प्रज्ञा रडायला आली होती.

"दादांचं बरोबर आहे," प्रवीण घड्याळाकडे बघत म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. सहादेवांनी ढोल स्वतःच उचलून टेम्पोत नेऊन ठेवला. सिंह पोत्यांवर टेकले.

मी खिसे चाचपले. संध्याकाळी एका लग्नाला जायचं होतं, त्या आहेराचं पाकीट तेवढं होतं. एक्कावन्न रुपये.

"मास्तर, एकतीस मेला मी निवृत्त होतोय. निरोपाला बँड पाहिजे. हा इसार."

मास्तरांनी हात पुढे केला नाही. "तुमच्या म्होरं चांदणी हाय, सायेब."

मला तोपर्यंत एकदाही सुचलं नव्हतं की चांदणीचा अर्थ मलाही लागू पडतो.

"उशीर झाला म्हनून तुमच्या वडलांनी हात आखडला. एक्कावन्न रुपये बाकी हायेत. आन् बाकीवाल्याकडं मी जात न्हाई."

"मग हे बाकीत धरा."

"धरतो. मग इसार कुठाय?"

प्रवीणला हसू आवरेना. "पाच मिनिटं राहिली, दादा. काय ते ठरवा."

मास्तरांनी पाकिटाकडे पाहिलं, टेम्पोतल्या ढोलाकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात दोन नियम पाळलेल्या माणसाला एक मोडायचा होता. त्यांनी पाकीट घेतलं, कपाळाला लावलं. "इसार म्हनून घेतला. बाकी ऱ्हाऊ द्या."

"हे तुमच्या नियमात बसत नाही," प्रवीण म्हणाला.

"तुझ्यात बसतंय का? तीन सुपाऱ्या, इसारासह?"

प्रवीणनं घड्याळ पाहिलं, मग ढोल उतरवायला सहादेवांना हात दिला. टेम्पो रिकामा गेला. त्या लग्नाला मी आहेराशिवाय जेवून आलो.

एकतीस मेला पतसंस्थेच्या दारात नवतरुण बँड वाजला, बाहीला दोन घड्या, गळ्याचा हूक लावलेला. नेहमीच्या शर्टाच्या आत मी टी-शर्ट घातला होता. माधुरी म्हणाली, नुसतं पोट मोठं दिसतंय.

जूनमध्ये प्रज्ञानं दुसरी छपाई केली. ज्यांनी बाकी दिली, त्यांच्या आठ चांदण्या तिनं काढल्या. मी दोनदा पैसे घेऊन गेलो. "घेतले तर पाठ अगदी सपाट दिसंल," मास्तर म्हणाले आणि हात मागे बांधले. त्यामुळे सतराव्या ओळीपुढची चांदणी तशीच आहे. माझ्या लग्नातल्या बँडाचे रु. ५१ सूर्यभान त्रिभुवन यांना देणे बाकी आहेत.