धाकटीचं उलटं व्हायोलिन

आमची धाकटी बहीण एक नंबरची हट्टी. चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून मान मोडून काम करते. चाळिशी उलटल्यावर बाईसाहेबांच्या डोक्यात आलं, व्हायोलिन शिकायचं. तेही पाश्चात्त्य शास्त्रीय. आमच्या घरात तोवर कुणी काही वाजवलं असेल तर दार.

क्लासच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "या वयात बोटं वळत नाहीत. मुलीला पाठवा." धाकटीला मुलगीच नाही. ती फणफणत घरी आली आणि मोबाइलवर व्हिडिओ शोधत बसली. त्यात एक म्हातारे गृहस्थ सापडले. स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून फुकटात शिकवायचे. धाकटी त्यांचा धडा अर्ध्या वेगानं लावायची, मागे न्यायची, परत लावायची. क्लासात "पुन्हा सांगा" म्हटलं की कपाळाला आठ्या. हे आपले कितीही वेळा लावा, तसेच हसतमुख.

सुरुवातीला मला कानात कापूस घालावासा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता माझे हात थांबले. छान वाजवत होती पोरगी.

तिला एकच हवं होतं, चारचौघांत बसून वाजवायचं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी हौशी वादक जमतात. तिथे आम्ही दोघी गेलो. तिनं व्हायोलिन खांद्याला लावलं आणि सगळे बघतच राहिले. बाकीच्यांचं डाव्या खांद्यावर, हिचं उजव्या. बाकीच्यांचा गज उजव्या हातात, हिचा डाव्या. तिथल्या सरांनी कुठे शिकलात विचारलं, तो व्हिडिओ बघितला आणि डोक्याला हात लावला. गृहस्थांच्या फोननं सगळं आरशातल्यासारखं उलटं टिपलं होतं. मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा उलटं फिरत होतं.

"मला वाटलं, घड्याळ बिघडलंय त्यांचं," धाकटी म्हणाली. पठ्ठीनं चित्रात बघून ताराही उलट्या लावून घेतल्या होत्या.

"शेजारच्याच्या गजाला तुमचा गज आपटेल हो," सर म्हणाले. "हात बदलून या."

तिनं घरी तारा बदलल्या, हात बदलले. दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघाला. धाकटी रडली. मीही रडले, लहानपणापासून मला तिचं रडणं बघवत नाही. शेवटी तिनं तारा होत्या तशा केल्या आणि रविवारी "नाही जमत" सांगायला गेली.

"आता आलाच आहात तर तुमच्या पद्धतीनं वाजवा," म्हणून सर डोळे मिटून बसले. तिनं एक संथ धून वाजवली. खोलीत कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. मग सर उठले, एक खुर्ची उचलून रांगेच्या टोकाला ठेवली, जिथे तिच्या डाव्या कोपराला मोकळी जागा होती.

"बसा," एवढंच म्हणाले.

परवा त्यांचा कार्यक्रम झाला. मला मेलीला नेमकी शेवटची रांग मिळाली. शेजारच्या बाई मान उंचावून आपल्या नवऱ्याला शोधत होत्या, आणि तिकडे सगळे गज एकीकडे जायचे, एकच दुसरीकडे. माझी बहीण मला लगेच सापडली.