दीड तोळा कॉफी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर अप्पा, म्हणजे माझे वडील, महिनाभर नांदेडला माझ्याकडे राहिले होते. सोबत आई. अहमदपूरच्या किराणा दुकानात चाळीस वर्षं तराजू धरलेला माणूस. डोळ्याला काळा चष्मा लावून पलंगावर बसवला तर तो हैराण होणारच. दिवसभर आईला हाका मारायचे आणि ती आली की काय काम होतं ते विसरायचे.

त्यात माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं बेंगळुरूहून स्टीलचा कॉफी फिल्टर आणि पावडरीचं पाकीट आणून दिलं. सोबत एक चिठ्ठी. ‘तिघांसाठी पंधरा ग्रॅम पावडर. वरच्या भांड्यात घालून हलकं दाबायचं, उकळतं पाणी ओतायचं, खाली अर्क उतरला की गरम दुधात घालायचा.’

आमच्या घरात तोवर कॉफी म्हणजे कपात विरघळणारी, तीही पाहुण्यांपुरती. ग्रॅम मोजायला काटा कुठला? मी चहाचे तीन चमचे घातले. जे तयार झालं ते पिऊन आई म्हणाली, “दुधाचं भांडं विसळलंय का काय गं हे?”

“काटा मागवते ऑनलाइन,” मी म्हटलं. “चार दिवसांत येईल.”

“चार दिवस?” अप्पा ताठ बसले. “माझ्या हातापेक्षा काटा मोठा हाय का? शेंगदाणे पावशेर म्हटलं की पावशेरच उचलायचो मी. उद्या मी घालतो.”

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी अप्पांनी पाकिटात हात घातला, डोळे मिटले, मूठ जराशी हलवली आणि म्हणाले, “पंधरा.” मूठ फिल्टरमध्ये रिकामी झाली. अर्क थेंब थेंब उतरला तो डांबरासारखा काळा. पण वास असा सुटला की आम्हाला दम निघेना. मी एक कप प्याले, अप्पांनी दोन. आईनं वास घेतला आणि स्वतःचा चहा टाकला.

अर्ध्या तासात काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी मसाल्याचे सगळे डबे खाली काढून पुसले, मग उंचीप्रमाणे लावले, मग ते आवडलं नाही म्हणून अक्षरांप्रमाणे लावले. छातीत धडधड आणि तोंडावर हसू. अप्पांचा उजवा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलत होता आणि तोंड त्याच्याही पुढं धावत होतं. दुकान, उधळलेला बैल, तालुक्याची निवडणूक, सगळं एका दमात सांगून ते एकदम आईकडं वळले.

“तुला एक सांगायचं राहूनच गेलं. लग्नाआधी तू मावशीकडं येऊन राहिली होतीस ना? दुकानात यायचीस गूळ न्यायला. तुला मी दर वेळी जास्ती तोलायचो.”

मी हातातला डबा खाली ठेवला. पन्नास वर्षांत हे कोणी ऐकलं नव्हतं.

आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ठाऊक हाय मला. म्हणूनच तर मावशी मला धाडायची. दुसरं कोणी गेलं की गूळ कमी यायचा.”

अप्पा असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. मला तर हसून उचकी लागली. “येडे झालेत बाप-लेक,” आई म्हणाली, पण कोथिंबिरीच्या काड्या ती पानांच्या ढिगात टाकून राहिली होती.

“पण ही मूठ खरंच पंधराची होती का?” मी उचकीतून विचारलं.

“चल, तोलूनच घेऊ,” अप्पा म्हणाले आणि चपला घालायला लागले.

एवढं बारीक वजन तोलणारा माणूस म्हणजे सराफ. डब्यात पावडर घेऊन आम्ही रिक्षा केली. काळ्या चष्म्यातले अप्पा आणि छातीशी डबा धरलेली मी, असे आम्ही पेढीत शिरलो. सराफानं डब्याकडं बघून आवाज खाली आणला. “काय मोडायचंय?”

“मोडायचं न्हाई,” अप्पा म्हणाले, “मोजायचंय.”

डबा उघडल्यावर तो बिचारा आमच्याकडं नुसता बघत राहिला. पण धंद्यातला माणूस धंद्यातल्याला ओळखतो. अप्पांनी किराण्याचं सांगितलं तसा त्यानं काट्यावर कागद टाकला आणि पावडर उडू नये म्हणून पंखा बंद करायला लावला. बांगड्या बघत बसलेल्या दोन बायका पदरानं वारा घेत सरकून पुढं आल्या.

अप्पांनी डोळे मिटून मूठ भरली. “पंधरा.”

“सेहेचाळीस,” सराफ म्हणाला.

मला वाटलं, अप्पांना लागणार हे. त्यांनी चष्मा वर करून आकडा बघितला, पुन्हा बघितला. “तिप्पट प्यालो की आपण!” ते ओरडले आणि स्टुलावर बसून पोट धरून हसायला लागले. “पन्नास ग्रॅमच्या खाली माझं गिऱ्हाईक कधी उतरलंच न्हाई. जिरं घेतलं तरी पन्नास! हाताला कुठून कळावं?”

मग सराफानं चिमटी चिमटीनं काढत बरोबर पंधरा केले. “दीड तोळा,” तो म्हणाला. कागदावर इवलासा ढीग राहिला. त्याच्या पेढीत पोह्यांचा चमचा होता, त्यानं मोजलं तर सपाट तीन चमचे भरले. पैसे घ्यायला त्यानं साफ नकार दिला, म्हणून उरलेल्या पावडरीतली निम्मी तिथंच कागदात बांधून दिली.

दुसऱ्या सकाळी पोह्यांच्या चमच्यानं तीन सपाट चमचे घातले. अर्क तपकिरी उतरला, दुधात मिसळल्यावर वर बारीक फेस आला. आईनं घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. “आता कशी कॉफीवाणी लागली,” ती म्हणाली आणि कप घेऊन खिडकीशी जाऊन बसली. कोणी मागेल अशी भीती असल्यासारखी.

अप्पांना ही खुशी पोटात ठेववेना. त्यांनी अहमदपूरला मोठ्या काकांना फोन लावला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडूनच सांगितलं, “दादा, मी रोज पिऊन राहिलो इथं! काल जास्ती झाली, आज मापात घेतली!”

पलीकडून “अरे देवा!” एवढंच आलं. मग फोन कट झाला.

दुपारच्या बसनं काका नांदेडला हजर. सात पिढ्यांत कोणी दारूच्या थेंबाला शिवलं नाही असं आमचं घर. दारात पिशवीसुद्धा खाली न ठेवता ते सरळ आत आले, पलंगावर वाकले आणि धाकट्या भावाचं तोंड हुंगलं.