वाणातला ओवा

आमच्या घरी कुणी खोकलं की डॉक्टर नंतर, आधी ओवा. बियांचा नव्हे, पानांचा. जाड, लवदार पानं, नुसती चुरगाळली तरी दिवसभर हाताला वास. वडील सुरतेला सरकारी कचेरीत कारकून. पगार बेताचा आणि छाती त्याहून बेताची. त्यामुळे आईने नानपुऱ्यातल्या आमच्या तळमजल्याच्या ओट्यावर तेलाच्या रिकाम्या डब्यांत घरचा दवाखानाच थाटला होता. अडुळसा, गवती चहा, पुदिना, तुळस. डॉक्टरच्या पायऱ्या चढायची वेळ क्वचितच यायची, आणि याचा आईला कोण अभिमान!

ओव्याचा मान मात्र वेगळा. लग्नानंतर धुळ्याहून निघताना तिने आपल्या आईच्या परसातली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पुढे आजी गेली, ते घर विकलं गेलं. माहेर म्हणून आईला तेवढा डबा उरला होता.

एका संक्रांतीला तिने ठरवलं की वाण म्हणून बाजारातून काही आणायचंच नाही. दिवाळीतच ओव्याच्या फांद्या लहान डब्यांत लावल्या आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हाती एकेक रोप ठेवलं. वडील म्हणाले, "वा! आता सगळ्या सुरतेच्या खोकल्याची काळजी मिटली." बायका गोड हसल्या, तिळगूळ तोंडात टाकला, आणि होळीपर्यंत बहुतेकींची रोपं वाळून गेली. एकच जगलं. आमच्या वरच्या मजल्यावर कोल्हापूरकडच्या काकू राहायच्या, त्यांचे यजमान बँकेत होते. त्यांच्या गॅलरीत तो ओवा असा काही फोफावला की कठड्याबाहेर लोंबू लागला.

पुढे तापीला पूर आला. पाणी ओट्यावर चढलं तेव्हा आम्ही देव, अंथरुणं आणि धान्याचे डबे घेऊन काकूंकडे वर गेलो. झाडांचे डबे खालीच राहिले. पाणी ओसरेपर्यंत काकूंनी आम्हाला सख्ख्या माणसांसारखं जेवू घातलं. त्या ओलीत वडिलांचा खोकला उसळला, तेव्हा त्याच म्हणाल्या, "वहिनी, पानं घ्या की. संकोच कसला?"

आईने मोजकी पानं खुडली. फांदीला हात लावला नाही. मी तिच्या कानाशी लागले, "मी मागू का एक फांदी?"

"हळदीकुंकवाचं वाण परत मागतात का गं?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांच्या सौभाग्याचं आहे ते."

ओव्याची बोटभर फांदी मातीत खोचली तरी जगते, काकूंचं काहीच कमी होणार नव्हतं. तेही मी बोलून पाहिलं. आईने डोळे वटारले.

खाली उतरलो तेव्हा ओट्यावर नुसता चिखल होता. शेजारच्या गुजराती मावशींनी आपल्याकडची ओव्याची फांदी आणून दिली. "लो बेन, अजमो तो अजमो ज छे ने!" आईने हसून ती लावली. तिची पानं काढ्यात पडली, भज्यांत पडली. वडिलांचा खोकला त्यानेही बसायचा, खोटं कशाला बोलू? पण पूर्वी ती म्हणायची, "आपला ओवा आण गं." आता नुसतंच, "ओवा आण." संध्याकाळी ती तांदूळ निवडायला ओट्याच्या कडेला, जिथून वरची गॅलरी दिसते तिथे बसायची.

काही वर्षांनी काकूंच्या यजमानांची बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढलं. आईने काकूंची ओटी भरली. काकू ओव्याचा डबा हातात धरून उभ्या होत्या. "हा नेतेय हं, वहिनी," त्या म्हणाल्या आणि थोडं थांबल्या.

"न्या ना," आई म्हणाली. "तुमचाच आहे तो."

ट्रक गेला. आई घरात येऊन कणीक मळायला बसली. तिच्या त्या मानीपणाचा मला अजून राग येतो.

आई गेल्यानंतर एका लग्नात काकू भेटल्या. मी आधी ओव्याचंच विचारलं.

"अगं, तो वाटेतच गेला. ट्रकमध्ये पेटी पडली त्याच्यावर," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "मला तुझ्या आईलाच द्यायचा होता. पुरानंतर कितीदा डबा उचलला आणि परत ठेवला. वाण परत कसं करायचं? त्यांना वाटलं असतं, मी झिडकारलं. म्हटलं, त्यांनी एकदा मागू दे. ट्रकपाशीसुद्धा त्यासाठीच थांबले होते."



"शेवटी वाटलं, त्यांना नकोच असेल," काकू म्हणाल्या. "मी गॅलरीत उभी असायचे ना, तर कधी मान वर करून बघितलंसुद्धा नाही त्यांनी."

आई रोज बघायची. काकू आत गेल्या की.