पाण्याची पारख

"आधी मी, मग गाव," असं म्हणून मावशी रोज सकाळी आरओचा पहिला पेला स्वतः प्यायच्या, तोही डोळे मिटून, आणि मगच खिडकी उघडायच्या. बाहेर जार घेऊन आलेली माणसं तोवर मुकाट्याने थांबायची. पाणीच ते, त्यात एवढं काय चाखायचं, असं तुम्हालाही वाटेल. मलाही वाटायचं.

कोल्हारजवळच्या त्या गावात विहिरींचं पाणी खारं. म्हणून बचत गटाच्या बायकांनी आरओ बसवला आणि चावी मावशींकडे दिली. मी संगमनेरहून मशीनच्या सर्व्हिसला जायचो. क्षार अडवणाऱ्या मेंब्रेनला त्या 'आमची चाळण' म्हणायच्या, आणि मला कितीही घाई असली तरी जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

एकदा मी नवी मेंब्रेन बसवून आलो आणि आठवड्याने सरपंचांचा फोन आला. ऐन लग्नसराईत मावशींनी दोन दिवस आरओ बंद ठेवला होता. गेलो तर खिडकीपुढे ही गर्दी.

"पानी जड लागतंय, सायेब. कायतरी चुकतंय," मावशी म्हणाल्या.

मी पॅनेलवरचा क्षारांचा आकडा पाहिला. बरोबर होता. उघडून बघायचं तर तासभर गेला असता, आणि मला पुढे पारनेर गाठायचं होतं. मावशी नुकत्याच तापातून उठल्या होत्या. "मावशी, तुमच्या तोंडाला चव नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो. लोक हसले. गटाने त्याच दिवशी चावी दुसरीकडे दिली.

महिन्याने सर्व्हिसला गेलो तेव्हा मेंब्रेन बाहेर काढली. तिच्या टोकाची रबरी रिंग बसवताना माझ्याच हातून पिळली गेली होती. तिथून विहिरीचं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळत होतं. पॅनेलचा मीटर एकाच आकड्यावर अडकलेला. मी दोन्ही बदललं, जुनी रिंग खिशात टाकली आणि रजिस्टरमध्ये 'नेहमीची सर्व्हिस' असं लिहिलं. महिनाभर गाव तेच पाणी प्यायलं होतं.

तसाच मावशींच्या घरी गेलो, सगळं सांगायचंच म्हणून. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमचं बरोबर हुतं, सायेब. माझीच जीभ गेली. लोकास्नी उगा तरास झाला माझ्यापायी."

"तसं नाही, मावशी," एवढंच मी बोललो. पण सून तिथेच बसली होती. ती गावात सांगेल, आपलं काम जाईल, असं मनात आलं आणि मी पुढ्यातला चहा प्यायलो. रिंग चुकली त्यापेक्षा त्या चहाची मला जास्त लाज वाटते.

मावशींना जाऊन आता वर्ष होत आलं. सांगायचं ते राहूनच गेलं.

खरं तर त्याच दिवशी सांगता आलं असतं. सून दूध आणायला बाहेर पडली, घरात आम्ही दोघंच. चुलीवर आमटी उकळत होती. मावशींनी पळीतली थोडी आमटी माझ्या तळहातावर घातली.

"मीठ बघा तेवढं, सायेब. मला आता काय कळत न्हाई."

मी चाखली. मीठ त्यांनी अगदी हवं तेवढंच घातलं होतं.