ट्रकला ठोकळे बसवले तेव्हा

लग्न होऊन मी हर्णैहून रत्नागिरीजवळच्या वाडीत आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. मी, आमचे हे आणि सासूबाई. दारात एक जुना ट्रक उभा असे. हे त्यातून खाणीवरचे जांभ्या दगडाचे चिरे शहरात पोचवत. ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं ती. शहरात आणि आसपास सगळीकडे घरं उठत होती, त्यामुळे ट्रकला उसंत नसे. यांनाही नसे.

शिमग्यात मात्र खाण बंद. गडी आपापल्या गावी जात, मुंबईची माणसं वाडीत येत. पालखी देवळात परत गेली की वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या माळावर, ट्रकची स्पर्धा होई. ताडाच्या ओंडक्यांवर फळ्या ठोकून केलेला एक तराफा असे, त्यावर चिरे रचत. तो साखळीनं रिकाम्या ट्रकच्या मागे बांधायचा आणि चढावर ओढायचा. ज्याचा तराफा सगळ्यांत वर जाईल तो जिंकला.

माझ्या पहिल्या शिमग्यात आमच्या ट्रकची फजिती झाली. साखळी ताणली गेली आणि ट्रकचं मागचं अंग थडथड उड्या मारू लागलं. चाकं एकदा जमिनीवर, एकदा हवेत. तराफा थोडा सरकला आणि तिथेच रुतला. बघणारे पोट धरून हसले. कोणीतरी ट्रकला बेडूक म्हटलं, आणि पुढचे कित्येक दिवस बाजारात यांना त्याच नावानं हाका येत राहिल्या. हे स्वभावानं शांत. सासूबाई मात्र बोलल्या.

"गाडी पोटासाठी घेतलीय, खेळायला नाय. परत नेलीस तर माझ्याशी गाठ आहे."

पुढचा शिमगा जवळ आला तसे हे दुपारचे ट्रकखाली जाऊन पडू लागले. मी चहा घेऊन गेले की खालूनच बोलायचे. एकदा मला वाकायला लावून त्यांनी सगळं दाखवलं. दोन चाकांना जोडणारा जाड एक्सल, त्यावर बांधलेल्या पोलादी पट्ट्यांच्या लवचीक कमानी आणि कमानींवर तोललेला गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी.

"ओढताना मागचं अंग खाली बसतं," ते म्हणाले. "कमानी दबतात आणि परत उसळतात. गाडी रिकामी, त्यामुळे चाकं उचलली जातात. कमानीला एका जागी थांबवता आलं तर उडी मारणार नाही."

माझे वडील होड्या बांधायचे. ओढून वाळूवर घेतलेल्या होडीला ती कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे लावतात, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. मी सहज म्हटलं, "मग मध्ये ठोकळा घाला ना."

ते ट्रकखालून बाहेर आले. तोंडावर काळं ग्रीस. "त्याचाच विचार करतोय," म्हणाले, "पण लाकूड फुटेल."

"ऐनाचं नाही फुटणार. बाबांना विचारते."

बाबांनी एसटीच्या कंडक्टरजवळ ऐनाचे दोन दणकट तुकडे पाठवून दिले. सोबत निरोप, जावईबापूंना सांग, कापायच्या आधी नीट मापून घ्या.

मापणंच अवघड होतं. यांनी ट्रकची साखळी आवारातल्या चिऱ्यांच्या ढिगाला बांधून ओढून पाहिली. मागचं अंग किती खाली बसतं ते मी बाजूला उभी राहून काठीवर खूण करून घेतलं. आता ट्रक तेवढाच दबलेला ठेवून चासी आणि एक्सल यांच्यामधली जागा मोजायची, त्या मापाचे ठोकळे कापायचे आणि चासीला खालून नटबोल्टनं आवळायचे. म्हणजे तेवढं दबल्यावर ठोकळा एक्सलवर टेकणार, आणि पुढे कमानीला हलायला जागाच उरणार नाही. पण ट्रक दाबून ठेवायला आत वजन हवं. चिरे भरायला गडी नव्हते.

"माणसं बसवू," हे म्हणाले.

वाडीत शिमग्याची माणसं होतीच. यांचे मुंबईचे चुलतभाऊ, त्यांच्या बायका, शेजारचे काका, काकू, पोस्टातून निवृत्त झालेले एक मास्तर. सगळे हौशीनं ट्रकच्या हौद्यात चढले. कोणी पत्त्यांचा डाव मांडला. मी खालून चहाचे पेले वर देत होते. "उतरायचं नाही, हलायचं नाही," असं हे खालून ओरडायचे, आणि वरून हमखास कोणीतरी विचारायचं, "शिंकलं तर चालेल काय?"

सासूबाई ओटीवर बसून काजूगर सोलत होत्या. आमच्याकडे पाठ.

संध्याकाळपर्यंत ठोकळे बसले. दुसऱ्या दिवशी यांनी पुन्हा ढिगाला साखळी बांधून ओढून पाहिलं. ट्रकनं उडी मारली नाही, पण तो सरळ ओढेना. एका बाजूला तोंड वळवायचा, एक चाक नुसतंच गरगर फिरायचं. हे खाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. एक ठोकळा दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर आखूड निघाला होता. माप दोनदा घेतलं होतं, तरी हे असं का, ते कोणाच्या लक्षात येईना.

"सगळे आंब्याच्या सावलीकडे दाटीवाटीनं बसलेले," ओटीवरून सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूला एकटे मास्तर. गाडी कलणार नाय तर काय."

पाठ करून बसलेल्या बाईंना हे कसं दिसलं, ते मी विचारलं नाही. हे म्हणाले, "मग आई, तूच बसव ना सगळ्यांना."

त्या उठल्या, हात पदराला पुसले आणि खुर्ची मागितली. खुर्चीवरून हौद्यात चढल्या. माणसं पुन्हा गोळा झाली. मग त्या एकेकाला जागा दाखवू लागल्या.

"तू इकडे. गो, तू तिकडे सरक, मुंबईला गेल्यापासून फुगलीस. मास्तर, तुम्ही मध्ये बसा, तुमचं वजन काय धरायचं नाय."

मास्तर हसत हसत मध्ये बसले. मी खाली काठी धरून उभी होते. सासूबाई वरून विचारायच्या, "आता?" मी म्हणायची, "अजून जरा डावीकडे." त्या कोणाला तरी उठवून डावीकडे बसवायच्या. मी लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघी एवढ्या बोललोच नव्हतो. दोन्ही बाजू खुणेला आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना दम भरला, "आता श्वास पण हळू घ्या," आणि यांनी खाली माप घेतलं. लांब ठोकळा तासला, आखूड ठोकळ्यावर लोखंडी पट्टी बसवली.

स्पर्धेच्या दिवशी अख्खी वाडी त्याच हौद्यात बसून सड्यावर गेली. वाटेत गचके बसू नयेत म्हणून यांनी ठोकळे काढून ठेवले होते, ते वर पोचल्यावर खिशातल्या नटबोल्टनं आवळले. सासूबाई छत्री उघडून एका दगडावर बसल्या.

आमची पाळी आली. साखळी ताणली गेली, मागचं अंग थोडं बसलं आणि तिथेच थांबलं. उडी नाही, थडथड नाही. चाकांनी तांबडी माती उकरली आणि तराफा वर सरकू लागला. गेल्या वर्षीची खूण मागे पडली. मग आणखी बरंच अंतर. शेवटी इंजिनच दमलं. खाडीपलीकडून आलेला एक ट्रक आमच्यापुढे गेला, त्यामुळे आमचा दुसरा नंबर आला. तांब्याची कळशी मिळाली. ती घ्यायला यांनी आईला पुढे केलं. सासूबाईंनी कळशी उलटी करून तिचा तळ नीट पाहिला आणि मगच हातात धरली.

परतताना आनंदाच्या भरात ठोकळे काढायचं राहून गेलं. मी केबिनमध्ये यांच्या शेजारी बसले होते. सड्यावरचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. हौद्यातून पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला, मग कण्हण्याचा, मग केबिनच्या मागच्या फळीवर कळशी आपटल्याचा.

"मेल्या," सासूबाई ओरडल्या, "कमानी वर सड्यावरच ठेवून आलास काय?"

यांनी गाडी थांबवली. सगळी माणसं कंबर धरून खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. हे पाना घेऊन खाली शिरले. खाली समुद्रावर ऊन उतरलं होतं, मास्तर रस्त्यावरच आळोखेपिळोखे देत होते, आणि एक चुलत जाऊ हसून हसून खाली बसली होती. ठोकळे निघाले तसे लोक पुन्हा वर चढले.

मी केबिनकडे वळले, तेव्हा हौद्यातून सासूबाईंनी हात पुढे केला.

"पुढे काय करतस बसून? ये गो वर. इथे वारा बरा लागतो."

मी त्यांचा हात धरून वर चढले. त्यांनी कळशी मांडीवर घेऊन माझ्यासाठी जागा केली.