रविवारी उघडलेली गाडी

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कागलच्या मुलींच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळत होती. ह्यांची कचेरीही कागललाच, म्हणून सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. अट मात्र घातली. "नवऱ्याच्या गाडीवरनं जायाचं, गाडीवरनंच याचं. एकटी एस्टीत बसल्याली मला चालणार न्हाय." तिकडे मोठ्या बाईंनी बजावलं होतं की सोमवारी शाळा भरताना हजर व्हा, नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत.

गाडी म्हणजे लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून आलेली विलायती मोटारसायकल. तिच्या गिअरबॉक्सवर साखळी फिरवणारं एक लहान दातेरी चक्र होतं. त्याचे दात झिजलेले, चढाला साखळी सटकायची. एकट्या ह्यांना ते कित्येक महिने चालत होतं. पण आता मागे बायको बसणार, तेव्हा नवं चक्र हवं, आणि ते बसवायचं ऐन आदल्या रविवारी! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सकाळी दारात पोतं अंथरून हे बसले. झाकण निघालं, क्लच निघाला, आणि चक्राच्या मोठ्या नटापाशी घोडं अडलं. आमच्या पेठेत एखादी वस्तू हलत नाही म्हटलं, की तिची कुस्तीच होते. समोरच्या तालमीतली मंडळी आपणहून आली. पान्याला लोखंडी नळी जोडली, एकानं मागचा ब्रेक दाबून धरला, दोघं नळीला लोंबकळले.

"आरं, दूध पितोस का पाणी? लाव की जोर!"

"सुटतोय, सुटतोय बघ!"

सुटत काही नव्हतं. मी चहा करत होते. एक कप रिकामा होईतो दुसरा पहिलवान हजर. दिवे लागायच्या वेळी दारात एक ना धड भाराभर चिंध्या पसरल्या होत्या आणि नट होता तिथंच होता. माझी कंबर धरली होती.

जेवायला वाढताना मी म्हटलं, "उद्याचा दिवस आपण दोघं एस्टीनं जाऊ या."

सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "तू संगं असलास तर जाऊ दे की तिला."

ह्यांचा घास हातातच राहिला. "गाडी अशी उघडी टाकून? उद्या रजा टाकतोय मी. तालमीतली समदी येणार हायत. एका दिवसानं शाळा काय पळून जातीय व्हय?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण भांडायला अंगात त्राण नव्हतं. मी ताटं उचलली.

सोमवारी पुन्हा तोच आखाडा. बळ संपलं तेव्हा नट छिन्नीनं फोडायचं ठरलं. अडचणीची जागा, छिन्नी नेमकी उलट्या बाजूनं लागली, आणि दोन ठोक्यांत नट सैल झाला. त्याचे आटेच उलटे होते. रविवारभर सगळ्यांनी मिळून तो आवळला होता. बाहेर एवढा हशा उठला की शेजारच्या बायका बघायला आल्या.

हे जुनं चक्र घेऊन सरळ स्वयंपाकघरात आले. कोपरापर्यंत हात काळे, चेहरा मात्र उजळलेला. कागलला एव्हाना शाळा सुटत आली असेल, दुसऱ्या बाई वर्गावर उभ्या राहिल्या असतील.

"निघालं बघ! तुझ्यासाठीच केलं की समदं."

ते खोटं बोलत असते तर मी भांडले असते. पण ते मनापासून बोलत होते, आणि अशा माणसाशी कसं भांडायचं ते मला आजवर उमगलेलं नाही.