पंखाताईनं धरलेला डूख

कारखान्यात तिला सगळे पंखाताई म्हणत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं उभी करणारी ग्राफिक्स कार्डं तिथं बनत, आणि कार्ड तापलं की त्यावरचे पंखे किती जोरात फिरवायचे, हे ती ठरवी. अकरा वर्षं ती फोम लावलेल्या खोलीत तापमान आणि आवाज मोजत बसली. पंखा जोरात फिरला की गिऱ्हाईक कटकट करतं, हळू फिरला की कार्ड भाजतं. "दोन सवती एका घरात नांदवायचं काम आहे हे," ती धाकट्या बहिणीला सांगायची.

साहेबांना मात्र एकच सवत लाडकी होती. "बाजारात सगळ्यात गप्प कार्ड आपलं हवं. पंखा आणखी खाली आणा."

"मग चिपा एकशे दहा अंशांवर जातील, साहेब. वर्षभरात कार्डं मरतील."

"तुम्हाला पंखा ऐकू येतो, मला बाजार ऐकू येतो."

ती हटली नाही. आपल्याला पटलेले आकडेच भरले, खाली सही केली आणि कार्ड पुढे पाठवलं.

आठ महिन्यांत मेलेली कार्डं खोक्यांनी परत येऊ लागली. चौकशीत साहेबांनी तिच्या सहीचा कागद पुढे केला. कार्डात प्रत्यक्ष काय भरलंय, हे उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं. ती टेबल आवरत असताना साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "कान गेले वाटतं बाईंचे." चार जण हसले. नोकरी गेल्याचं दुःख महिन्याभरात निवलं. ते हसू मात्र काट्यासारखं रुतून बसलं.

तिनं कार्डदुरुस्तीचं दुकान टाकलं. एक दिवस त्याच खेपेचं मेलेलं कार्ड समोर आलं. त्याच्या चिपेत साठलेली नोंद तिनं वाचली. पंख्याचे आकडे तिच्या सहीनंतर नऊ दिवसांनी बदलले होते, आणि बदलणाऱ्याचं कॉम्प्युटरवरचं खातं खुद्द साहेबांचं होतं. त्यानंतर तशी कार्डं ती शोधून शोधून मिळवू लागली. दोन वर्षांत सतरा जमली.

"एवढा पुरावा आहे तर कंपनीला पत्र लिही की," बहीण म्हणाली.

"पत्र त्याच्याच टेबलावर जाईल, आणि तो फाडेल. मला त्याचं तोंड बघायचंय. चारचौघांत."

ती संधी चालून आली. कंपनीचं नवं कार्ड येणार होतं. एका ओळखीच्या विक्रेत्यानं नमुना तिला आधीच दाखवला. तिनं तो कॉम्प्युटरच्या बंद डब्यात बसवून तासभर राबवला आणि खुर्चीत मागे रेलून हसली. जित्याची खोड! साहेबांनी पंखा पुन्हा तसाच गप्प बसवला होता.

प्रदर्शनाला विक्रेत्यांबरोबर दुरुस्तीवाल्यांनाही बोलावणं होतं. साहेब मंचावर, शेजारी पंख्यांचं काम बघणारी नवी मुलगी. टेबलावर उघडा कॉम्प्युटर, आणि कार्ड चालवून दाखवायचा खेळ दहाच मिनिटांचा. "ऐका," साहेब म्हणाले, "काही ऐकू येतंय?" टाळ्या पडल्या.

पंखाताई उठली. "साहेब, डब्याचं झाकण लावा. घरात कुणी उघडा ठेवत नाही. आणि अर्धा तास चालू द्या."

साहेबांनी तिला ओळखलं. चेहरा पडला, पण उसनं हसू आणत ते म्हणाले, "वेळ नाहीये."

"आम्हाला आहे," मागून एक विक्रेता म्हणाला. "लावा झाकण."

बावीस मिनिटं झाली आणि पडद्यावर रंगीत चौकोन नाचू लागले. मग पडदा काळा. साहेब गर्रकन मुलीकडे वळले. "पंख्याचे आकडे हिनं भरलेत. सही आहे हिची."

मुलगी पांढरीफटक पडली. इतकी वर्षं मनातल्या मनात हा दिवस पंखाताईनं घोळवला होता, पण त्यात ही पोर कुठंच नव्हती.

ती सतरा कार्डांची पेटी घेऊन मंचावर चढली. एक कार्ड जोडलं, त्यातली नोंद मोठ्या पडद्यावर आणली. तारीख. खातं. "सही माझी होती, हात यांचा. आता हिच्या कार्डातलंही वाचू या का, साहेब?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, पण तो ओठांपर्यंत नेववेना. ते तोंड तिनं मनसोक्त पाहून घेतलं. कीव आली नाही, आणि आणायचा प्रयत्नही तिनं केला नाही.

महिन्याभरात साहेबांना घरी बसवलं गेलं. कंपनीनं तिला परत बोलावलं. ती गेली नाही. पुढं आठवड्यानं ती मुलगी दुकानात आली. आभार मानायला आली असेल, असं वाटून पंखाताईनं खुर्ची पुढे केली.

"तुम्हाला आधीच माहीत होतं ना? मग मला एक फोन का नाही केलात?"

"केला असता तर तू पंखा वाढवला असतास," पंखाताई म्हणाली. "मग तो सुटला असता."

"आणि मी अडकले असते तर?"

मुलगी न बसताच निघून गेली. साहेबांबद्दल पंखाताईला आजही तिळभर पस्तावा नाही. मुलीला मात्र तिनं तीनदा फोन केला. एकदाही उचलला गेला नाही.